शिंपीणकाकूंनी न सांगितलेली जागा

शिंपीणकाकूंच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यामुळे सुनेने त्यांना दुर्मीळ गाणाऱ्या पक्ष्याच्या मोजणीला स्वयंसेवकांबरोबर नेलं, तेव्हा शेजाऱ्यांना हसू आवरेना. पण पाखरं घरटी करतात त्या रानात काकू सकाळभर मुकाट बसल्या आणि घरटं दिसलं तेही त्यांनाच. चोचीत अळी धरून मादी काटेरी झुडपात शिरली, तशी आत पिल्लांची चिवचिव उठली.

सून कानाशी लागली, "आई, जागा कुणाला सांगू नका हं. बघ्यांची गर्दी झाली तर पाखरं घरटं सोडतील."

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांनी घरटं कुठे दिसलं ते खोदून खोदून विचारलं.

"रानात," दातांत टाचण्या धरून काकू म्हणाल्या, "हात वर करा, माप घेते." गुपित राखण्यातही एवढी मजा असते, हे त्यांना आजच कळत होतं.