वरून घालायचं पाणी

माझा नवरा प्रबोध चौदा वर्षं इथे परदेशात आयटीत राबतोय. जुरोंग ईस्टच्या ऑफिसातून घरी आला की बूटही न काढता फिशटँककडे जातो. त्या छोट्याशा टँकमध्ये खाऱ्या पाण्यातला, करंगळीएवढा पिवळा गोबी मासा आहे. दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसून राहतो. त्याचं जेवढं कौतुक, तेवढं माझं कधी झालं नाही.

सासूबाई गेल्या तेव्हा प्रबोध पुण्याला धावला. जाताना एवढंच म्हणाला, "पाणी कमी झालं की भर." समुद्रातला मासा, म्हणून मी रोज मोजून मीठ घातलेलं पाणी भरलं. तेरावं करून तो परतला, तेव्हा गोबी बिळाबाहेर धापा टाकत पडला होता.

मला वाटलं, आता ओरडेल. पण तो थकून खालीच बसला. "अगं, उडतं ते नुसतं पाणी. मीठ आतच साठत जातं. वरून गोडंच घालायचं असतं."

तो मगानं थोडं थोडं गोडं पाणी सोडू लागला. तो आला तसं दारातच मी त्याला सासूबाईंच्या पुण्याच्या फ्लॅटच्या कागदांचं विचारलं होतं. आता शेजारी बसले.

"आई शेवटी काही बोलल्या का रे?"

त्याच्या हातातला मग थांबला.