दुपारच्या खुणा

मिस्त्रींचे गुडघे शिडीच्या तिसऱ्या पायरीलाच कुरकुरायला लागत. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, त्यातली शेहेचाळीस लाकडात गेलेली. आणि या वयात गळ्यात पडलं होतं काय, तर गोऱ्या साहेबाच्या काळातलं एक अख्खं लाकडी घर. रस्ता रुंद करायला आड आलं म्हणून चार वर्षांपूर्वी ते फळी-फळीने उतरवलं होतं. आता गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत ते जसंच्या तसं उभं करायचं होतं. नवं घर बांधणं सोपं हो! बांधलेलं घर पुन्हा बांधणं म्हणजे बायकोशी झालेलं जुनं भांडण पहिल्या शब्दापासून पुन्हा भांडणं.

उतरवताना इंजिनिअरसाहेबांनी प्रत्येक लाकडावर नंबराची कागदी चिठ्ठी चिकटवली होती. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "साहेब, वाळवीला वाचता येत नाही, पण खाता येतं." साहेब हसले. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला हसायला काय जातं? गोदामात चिठ्ठ्यांचा भुगा झाला. उरल्या त्या पटाशीने केलेल्या खुणा, मिस्त्रींच्या आणि त्यांच्या मेहुण्याच्या. रीत जुनीच. बाहेर, पुढच्या दाराकडे तोंड करून उभं राहायचं. डाव्या बाजूच्या लाकडाला तिरपी खाच, उजव्याला सरळ. पुढच्या अर्ध्या भागावर मिस्त्रींनी खुणा केल्या, मागच्यावर मेहुण्याने. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. एकवीस वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली राबलेला, कमी बोलणारा.

दोन भाग मध्यावर जुळवायची वेळ आली, तेव्हा छपराचे वासे चार बोटं कमी पडले. हाताने तासलेल्या घरात डावं-उजवं कधी सारखं नसतं. अदलाबदल झाली की सगळंच फसतं. कुणीतरी खुणा उलट्या केल्या होत्या, हे उघड होतं. कुणी, हे मात्र मिस्त्रींनी स्वतःला क्षणभरही विचारलं नाही. खाली पंधरा माणसं उभी, साहेब उभे, डोक्यावर ऊन आणि कंबरेचे तुकडे पडलेले.

"स्वतःचा डावा हात कळत नाही आणि लाकडाला खुणा करतोस?" मिस्त्री वरूनच ओरडले. "एकवीस वर्षं पालथ्या घड्यावर पाणी घातलं मी!"

कुणीतरी फिदीफिदी हसलं. मेहुण्याने पटाशी पुसली, पिशवीत टाकली आणि तो निघून गेला. साहेबांनी काम थांबवलं. प्रत्येक लाकूड पुन्हा मोजायचं ठरलं आणि त्यात अडीच महिने गेले.

बायकोने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. ती जेवायला वाढायची, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवायची आणि भावाबद्दल अक्षर काढायची नाही. मिस्त्रींनाही विषय काढायचं त्राण नव्हतं. थकलेल्या माणसाला अबोला सोयीचा वाटतो, हे वाईट असलं तरी खरं आहे.

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी मोजणीचा कागद मिस्त्रींच्या हातात पडला. मागच्या भागात एकही चूक नव्हती. पुढच्या भागातली बरोबर अर्धी लाकडं उलटी होती.

अर्धीच का? ते गोदामात जाऊन बसले आणि दिवसभर लाकडं उलटीपालटी करत राहिले. मग हळूहळू आठवलं. घर उतरवलं भर उन्हाळ्यात. छपराची कौलं निघालेली, त्यामुळे दुपार कलली की घरापलीकडून ऊन थेट डोळ्यांत शिरायचं. म्हणून जेवण झालं की ते आत जायचे आणि उन्हाकडे पाठ करून खुणा करायचे. पाठ फिरली की डाव्याचं उजवं होतं, हे पोरासोरालाही कळतं. सकाळच्या खुणा बरोबर होत्या, दुपारच्या सगळ्या उलट्या. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर फाशी देणाराच चोर निघाला होता.

कुणी विचारत नव्हतं. लाकूड बसलं की झालं, चूक कुणाची याच्याशी कुणाला काय देणंघेणं? गिळून टाकता आलं असतं. पण संध्याकाळी मिस्त्री गुडघे ओढत मेहुण्याच्या नव्या कामावर गेले. फर्निचरच्या दुकानात तो तयार कपाटांना मुठी बसवत होता.

"चूक माझी होती," मिस्त्री उभ्या-उभ्याच म्हणाले.

"माहीत आहे, दाजी."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. अडकलेल्या वाशावरची खाच तुमच्या हातची होती. तुमची पटाशी जरा खोल जाते."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

मेहुण्याने स्क्रू पिळता-पिळता वर पाहिलं. "पंधरा माणसांसमोर? तुम्हाला?"

मिस्त्री समोरच्या खोक्यावर बसले. इतकी लाज त्यांना उभ्या जन्मात वाटली नव्हती.

"चल परत," ते कसेबसे म्हणाले.

"नको, दाजी. इथे कुणी ओरडत नाही." मग पुढची मूठ उचलत तो म्हणाला, "एवढं करा. जिथे बोललात तिथेच सांगा, सगळ्यांसमोर. त्यातली निम्मी माणसं मला ओळखतात. पुढे कुठे काम मागायला गेलो तर..."

"सांगतो. उद्याच सांगतो."

रात्री बायकोला सगळं सांगितलं. ती फक्त "बरं" म्हणाली, पण ताटात दुसऱ्यांदा भात वाढला. सकाळी मिस्त्रींनी कामावरच्या सगळ्यांना जोत्यापाशी गोळा केलं.

"मागच्या भागाच्या खुणा बरोबर होत्या," ते मोठ्याने म्हणाले. "चूक माझी होती. माझ्या मेहुण्याला मी तुम्हा सगळ्यांसमोर नाही नाही ते बोललो."

मिस्त्रींनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. अडीच महिन्यांत ठेकेदार बदलला होता आणि त्याच्याबरोबर माणसंही. साहेबांचीसुद्धा बदली झाली होती. खांद्यावर फळी घेतलेल्या एकाने अदबीने विचारलं, "कोण मेहुणा, मिस्त्री?"

त्या दिवशीची पंधरा माणसं आता कुठल्या कुठल्या कामांवर पांगली होती, आणि त्यांच्या लेखी डावं-उजवं न कळणारा सुतार मेहुणाच होता.