पिसांची माशी

हिमाचलातल्या एका ओढ्यावर माझे भाऊजी कोंबड्याच्या पिसांत गळ लपवलेली खोटी माशी पाण्यावर सोडत होते. दोऱ्याला जराही ताण बसता कामा नये. माशी आपसूक वाहत आल्यासारखी दिसली, तरच ट्राउट मासा फसतो. फसला. त्याच्या जबड्यातून गळ उपसून, फोटो काढून भाऊजींनी त्याला परत सोडलं आणि शेजारी मासे धरत बसलेल्या म्हातारीला ऐकवलं, "अम्मा, आम्ही तुमच्यासारखे मारत नाही."

माझं डोकंच फिरलं. भुकेल्या जिवाला इतक्या निगुतीनं फसवायचं, त्याचं तोंड फाडायचं आणि वर दयाळूपणा मिरवायचा?

म्हातारीनं मानही वर केली नाही. पाण्याकडे बघतच म्हणाली, "माझ्या गळाला गांडूळ तरी खरं असतं."