दुपट्याच्या कोपऱ्यातला काळा टाका

आमच्या चर्चच्या हॉलमध्ये चिंध्या साठल्या की भंगारवाला येऊन नेतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, म्हणून मीच लिहायला बसले. शाळा सातवीपर्यंतच झालीय, सांभाळून घ्या.

दिंडोशीच्या ह्या हॉलमध्ये आम्ही बारा जणी बाळांची दुपटी शिवतो. लढाईमुळे घर सुटलेल्या आयांसाठी ती परदेशातल्या छावण्यांत जातात. कापड तिकडचं चर्च देतं, हात आमचे.

*

पहिल्या दिवशी सासूबाईंनी बजावलं, "चर्चात जातंस, आपलो देव इसरू नको हां." पंधरा दिवसांनी स्वतःच शेवग्याच्या शेंगा घेऊन पायरीवर हजर. फादरना म्हणाल्या, "माझी सून काम कसा करता ता सांगा."

फादर म्हणाले, "काम छान. काळजी त्याहून जास्त."

खरं आहे. माझी चिऊ सात महिन्यांची. तिथेच चटईवर झोपते आणि मी दर दोन टाक्यांनी तिचा श्वास बघते.

*

एकदा मी सगळी दुपटी मापापेक्षा वीतभर मोठी शिवली. आमच्या मुख्य फ्लोरीआंटी म्हणाल्या, "दीपा, हे बाळाचं आहे की बाळाच्या बापाचं?"

मी म्हटलं, "आंटी, बाळ काय तेवढंच राहणार? आणि ते घरी कधी जाणार, कोणाला माहीत?"

आंटी ते दुपटं घेऊन उठल्या. सरळ फादरकडे गेल्या. आता बाराही जणींचं माप वीतभर मोठं आहे. माझ्यामुळे, हे सांगायला मला आवडतं.

*

मग तिकडच्या चर्चच्या मॅडम माल तपासायला आल्या. माझ्या प्रत्येक दुपट्याच्या कोपऱ्यात काळ्या दोऱ्याचा ठिपका. मॅडमनी विचारलं, "हा डाग कसला?"

मी खरं ते सांगितलं. "तीट आहे. नजर लागू नये म्हणून. एवढ्या लांबच्या बाळाला काजळ कोण लावणार?"

फादरनी इंग्रजीत समजावलं. मॅडम हसल्या, पण म्हणाल्या, मदतीवर कुठल्याच धर्माची खूण चालत नाही, आम्ही आमचा क्रूससुद्धा लावत नाही. ठिपके निघाले नाहीत तर माल जाणार नाही, पुढचं कामही नाही.

बारा जणींचं काम माझ्या एका टाक्यापायी. मी रडत उसवत बसले. फ्लोरीआंटी शेजारी बसून उसवायला लागल्या. हळूच म्हणाल्या, "माझी आई पण आम्हाला तीट लावायची गं. उसव गप्प."

माल गेला. पुढचं कापड काही येईना.

*

दोन महिन्यांनी मॅडमनी छावणीतला एक फोटो पाठवला. तंबूत आमचं दुपटं, वीतभर मोठं. त्यावर झोपलेलं बाळ. त्याच्या गालावर कोळशाचा काळा ठिपका.

खाली मॅडमनी दोन ओळी लिहिल्या होत्या. फादरनी वाचून दाखवल्या.

"कापड पाठवलं आहे. काळा दोरा तुमच्याकडे शिल्लक आहे ना?"