भिंतीवरची पोच

“आवक झाली वो वहिनी!”

सकाळी मी नळाशी भांडी घासत बसलेली असायचे आणि शेजारून ही आरोळी यायची. मान वर करून पाहावं तर बडे बाबू ओसरीत उभे. चिमटीत एक करडा मोजा, हात अंगापासून लांब धरलेला. पायाशी त्यांची मांजर, आपला काहीच संबंध नसल्यासारखी शेपटी चाटत बसलेली.

बडे बाबू म्हणजे पिंपळगाव राजातले आमचे शेजारी. नाव नाही सांगत, गावात त्यांना त्यांच्या नावानं तसंही कोणी ओळखत नव्हतं. तहसीलीत जन्म काढला तो आवक-जावकच्या टेबलावर. आलेलं पत्र ते आवक, धाडलेलं ते जावक, आणि समोरच्याला ते मिळाल्याची सही आली की ती पोच. रिटायर झाले, पण बोली तीच राहिली. पाहुणे आले की आवक, लेक सासरी निघाली की डोळे पुसत जावक. एकदा मी वाटीभर भरीत धाडलं, तर वाटी परत आणून म्हणाले, “घ्या वहिनी, पोच.” वाटीत दोन लिंबं होती.

ज्यांनी मांजर पाळली त्यांना काय सांगायचं, प्रत्येकीचं एक वेड असतंच. कोणी सुपातच झोपेल, कोणी तुमच्या डोळ्यांत डोळे घालून ओट्यावरचा पेला पंजानं खाली लोटेल. ही पेपर पसरला की नेमकी वाचत असलेल्या ओळीवर येऊन बसायची. बाबू म्हणत, “इले वाचता येते वहिनी. मले वाईट बातमी वाचू देत नाई.” पण तिचं खरं वेड चोरीचं. शिकार केल्यासारखा मोजा दातांत धरायची, चार पायांमधून फरफटत आणायची. भिंतीवर उडी मारताना एकदा तरी पडायची. मग तोंड भरलेलं असतानाच घशातून एक चमत्कारिक हाक काढायची आणि ती शिकार बाबूंच्या पायावर आणून ठेवायची. बाबू तिला शिपाईण म्हणत.

मोजा कोणाचा? भिंतीपलीकडे एकट्या राहणाऱ्या थोरल्या भावाचा.

दोघांचं अंगण मुळात एक. मधली छातीइतकी भिंत नंतरची. त्यांची माय गेली तेव्हा बाबू निवडणुकीच्या ड्यूटीवर पार सोनाळ्याकडे होते. निरोप पोचला उशिरा, एसटी मिळाली त्याहून उशिरा. संध्याकाळी उतरले तर राख झालेली. थोरल्यांनी दारातच विचारलं, “काऊन रे, आता आला?” बाबू काहीच बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, आणि पुढं बारा वर्षं नाही.

“माह्यासाठी मायले घटकाभर ठेवलं नाई त्यानं,” एवढंच मला म्हणाले होते.

थोरल्यांनाही मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, “मे महिना होता व बाई. मायचा वास सुटू देऊ का मी?”

आता सांगा, यातलं कोणाला खोटं म्हणायचं?

मांजर मात्र दोन्हीकडची. तिकडे तिचं नाव ठमी. सकाळचं दूध इकडे, दुपारची झोप तिकडे. बाबू तो चोरलेला मोजा साबणानं धुवायचे, वाळवायचे, घडी करून भिंतीवर ठेवायचे, वर एक चपटा दगड. “जावक,” असं हळूच म्हणायचे. संध्याकाळपर्यंत मोजा उचललेला असायचा आणि दगड भिंतीच्या कोपऱ्यात नीट सरकवून ठेवलेला. मग बाबू खुशीत चहा मांडायचे. “पोच आली वहिनी.” एकदा मोज्याला भोक होतं, तर ते चष्मा लावून रफू करत बसले. दुसऱ्या दिवशी दगडाशेजारी तीन सीताफळं.

मी म्हटलं, “अहो, मांजरीच्या तोंडून किती दिवस बोलणार? आपल्या तोंडानं बोला ना!”

“पयलं पत्र त्यानं धाडाले पायजे. तो मोठा हाये.”

“मग हे मोजे काय आहेत?”

“हे तं मांजरीनं आणले,” बाबू म्हणाले, आणि असे काही गंभीर झाले की मला हसू आवरेना.

पुष्कळ हसले हो मी त्यांना.

पोळा होऊन आठवडा झाला असेल. एक दिवस आवक झाली, जावक झाली, आणि संध्याकाळी पाहिलं तर दगड तसाच, मोजा तसाच.

“काय बाबू, पोच नाही आली वाटतं?”

“गेला असंन लेकाकडं पुण्याले.”

“सांगून नाही गेले?”

“मले कोन सांगते?”

दुसऱ्या दिवशीही तसंच. रात्री पावसाची भुरभुर येऊन गेली होती, मोजा भिजून दगडाला चिकटलेला. मांजर भिंतीवर त्याच्या शेजारी बसली होती, तोंड पलीकडच्या घराकडे. बाबूंनी दुधाची वाटी वाजवली, तरी तिनं कान हलवला नाही. रोज दुपारी पलीकडून “ठमे, ए ठमे” ऐकू यायचं, तेही नव्हतं.

“पाहून या ना बाबू,” मी म्हटलं.

ते गेले. मी पाहत होते. वळसा घालून थोरल्यांच्या फाटकापर्यंत गेले, कडीवर हात ठेवला. तसेच उभे राहिले, आणि परत आले.

“उद्या पाहू. घरातच असला तं म्हणंन, काऊन रे, आता आला?”

आणि मी काय केलं? भाचीचा साखरपुडा होता उंद्रीला. मी साडी बदलली आणि एसटीत बसले. माझा कुठं अबोला होता? मी कडी उघडू शकत होते. हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते आहे.

तिसऱ्या दिवशी मी परतले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी दार तोडलेलं होतं. थोरले बाजेशेजारी जमिनीवर पडलेले. केव्हा गेले, आधी किती वेळ तसेच पडून होते, कोणी सांगू शकलं नाही. एका पायात करडा मोजा होता. दुसरा पाय उघडा.

शिपाईणीनं तो मोजा पायातून ओढून आणला होता, की दोरीवरून? मला माहीत नाही. बाबूंनी कोणालाच विचारलं नाही. भिंतीकडे गेले, दगडाखालचा ओला मोजा उचलला आणि खिशात घातला.

लेक पुण्याहून आला, तेरावं झालं, घराला कुलूप लागलं. पण मांजरीला कुलूप कुठलं? टिनाच्या फटीतून ती आत जायचीच. कधी सदऱ्याचं बटण आणायची, कधी अर्धा तुटका कंगवा. कधी चष्म्याची दोरी. तशीच फरफटत, तशीच घशातून हाक काढत, बाबूंच्या पायावर. बाबू आता ओरडत नसत. ती वस्तू हातात घेऊन बराच वेळ बसून राहायचे.

एकदा मी जवळ गेले तर म्हणाले, “आवक चालूच हाये वहिनी. जावक कुठी करू?”

मी आत जाऊन चहा टाकला.

पुढं पुढं दुपारी त्या भिंतीशी खुर्ची टाकून बसायला लागले. मांजर रिकाम्या अंगणात कुठंतरी टक लावून पाहायची, मान हळूहळू फिरवायची, जणू कोणी ओसरीतून मोरीकडे चाललं आहे. बाबूही तिच्या नजरेबरोबर मान फिरवायचे. मी हाक मारली तर बोटानं गप्प करायचे.

थंडीत बाबूही गेले. लेक आली, सामान आवरलं. शिपाईणीला पिशवीत घालू गेली तर तिनं लेकीचा हात ओरबाडला आणि पळाली. ती माझ्याकडे राहिली. म्हणजे जेवायला माझ्याकडे. बाकी दिवसभर भिंतीवर.

गेल्या महिन्यात सकाळी मी भांडी घासत होते. मागून ती घशातली हाक आली. वळून पाहते तर माझ्या ओल्या पायावर एक करडा मोजा. दोन्ही भाऊ एकाच दुकानातून मोजे घेत, त्यामुळे कोणाचा ते कळायला मार्ग नाही.

बराच वेळ मी त्याला हात लावला नाही. मग साबणानं धुतला, वाळवला, घडी केली. भिंतीवर ठेवला आणि वर तो चपटा दगड. तोंडातून शब्द निघालाच, “जावक.”

पहिला दिवस मोजा तिथंच होता. दुसऱ्या दिवशीही होता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंतीवर नुसती मांजर बसलेली. मोजा नव्हता. वारा असेल. दगड मात्र कोपऱ्यात नीट सरकवून ठेवलेला होता.

मी भिंतीपलीकडे वाकून पाहिलं नाही.