पाण्यावरची तर्री

मला मासे आवडत नाहीत. ताटातही नाही आणि काचेच्या पेटीतही नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला प्रेमळ आजी समजणार नाही.

पेटी नातीची. दोन वर्षं आईच्या मागे लागून तिने ती मिळवली. सून शेवटी हो म्हणाली, पण अट घालून. "एक जरी मासोळी मेली तर त्याच दिवशी पेटी बाहेर. मले घरात मेलेलं काही नको." तेव्हापासून सहा लाल मासोळ्या आमच्या जेवणाच्या टेबलाशेजारी राहतात आणि आम्ही काय जेवतो ते बघतात.

गेल्या हिवाळ्यात सुनेच्या माहेरी, कळमेश्वरच्या पुढे, लग्न निघालं. मुलगा, सून आणि नात चार दिवसांसाठी गेले. मी गेले नाही. तिथल्या गाद्या मला टोचतात. निघताना नातीने माशांच्या खाण्याची डबी माझ्या हातात दिली.

"आजी, दिवसातून एकदा. चिमूटभरच."

"सहा जणांत चिमूटभर? तू लग्नात जिलबी खाशील अन् यांना उपास?"

"आजी, एक मेली तर आई पेटी काढून टाकते. तुले माहीत आहे ना?"

"माहा जन्म गेला खाऊ घालण्यात. माह्या हातचं खाऊन अजून कोणी मेलं नाही."

सून चपला घालता घालता म्हणाली, "आई, ती सांगते तेवढंच करा." मी डबी फ्रिजवर ठेवून दिली.

आता आमच्या घरी पहिली पोळी गाईची. तिच्यावर तूप घालायचं, घडी करायची, मग बाकीच्यांची जेवणं. पूर्वी गाय दाराशी यायची. आताच्या आमच्या फ्लॅट स्कीममध्ये चौकीदार तिला फाटकातून आत येऊ देत नाही. म्हणून मुलगा रोज ती पोळी डब्याबरोबर पिशवीत टाकतो आणि हिंगण्याला कामावर जाताना रस्त्यात पहिली गाय दिसली की मोटरसायकल थांबवून तिला देतो. मुलगा लग्नाला गेला. पोळी ताटात पडून राहिली. माझे गुडघे मला चौकापर्यंत जाऊ देत नाहीत. सहा उपाशी जीव समोर होते. तुपाच्या पोळीचे तुकडे केले आणि टाकले पेटीत.

खाल्ले त्यांनी. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकले, जरा जास्त.

शिवाय त्या पेटीत बुडबुडे सोडणारं एक मशीन आहे. त्याचा आवाज थेट भाताला उकळी आल्यासारखा. दुपारी पडलं की दर पाच मिनिटांनी वाटायचं, गॅस चालू राहिला. चार वेळा उठून पाहिलं आणि मग मशीनच बंद केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाहते तर पाण्यावर तर्री. रश्श्यावर असते तशी लाल नाही, पांढुरकी, पण काठापासून काठापर्यंत पसरलेली. सहाही मासोळ्या वर येऊन आ करत होत्या. मला वाटलं, भूक लागली. आणखी तुकडा टाकला. कुणी शिवलंही नाही. तेव्हा कळलं, हे भुकेचं नाही. एक जरी गेली तर पोरीची पेटी गेली, आणि सुनेसमोर माझं तोंड गेलं.

रश्श्यावरची तर्री काढायला मला कुणी शिकवायला नको. पळी घेतली. पण ही तर्री लबाड. पळी पुढे गेली की ती मागे सरकायची. तिसऱ्यांदा पळी उचलली तर तर्रीऐवजी मासोळी आली. ती माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

तेवढ्यात दार ढकलून शेजारचे भाऊजी आले. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. त्यांना रोज आमचा पेपर लागतो.

"वहिनी, रस्सा करून राहिल्या का?"

"थट्टा नका करू भाऊजी. ह्या मरून राहिल्या."

मी मासोळी परत सोडली. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं. "वरून तेलाचा पडदा झाला. खाली हवाच जाऊन नाही राहिली. काय टाकलं?"

"काही नाही."

"वहिनी."

"गाईची पोळी."

त्यांनी पेटीत पाहिलं, मग टेबलाखाली पाहिलं. "अन् गाय कुठं आहे? बरं, मशीन काहून बंद?"

"मले झोपू देत नाही."

"आमच्या प्लँटमध्ये एवढ्यात दोघं सस्पेंड झाले असते," ते म्हणाले. मग विचार करून बोलले, "हे टिपकागदाचं काम आहे."

मी चार वर्ग शिकले. पाटीवरचं सगळं पुसलं गेलं, पण वहीवर शाई सांडली की टिपकागद कसा ठेवायचा हे हाताला आठवत होतं. दाबायचा नाही, घासायचा नाही. घरात टिपकागद कुठला? पण सुनेची कागदाची गुंडाळी होती. ती भजी तळून त्या कागदावर काढते. सहा वर्षं मी पाहुण्यांसमोर तिला ऐकवत आले, "तेल टिपूनच खायचं तर भजी कशाले करता? पाणी उकळून प्या."

गुंडाळी काढली. पापड वाळत घालते तसा एक कागद दोन्ही हातांनी पाण्यावर ठेवला आणि कोपरा धरून उचलला. सगळं तूप कागदाला. दुसरा, तिसरा, दहावा. गुंडाळी संपली तेव्हा पाण्याचा तळ दिसला, आणि तळाशी पोळी. ती चहाच्या गाळणीने काढली. भाऊजींनी मशीन सुरू केलं, नळी वर ओढून पाणी हलतं ठेवलं, आणि बादलीत भरून ठेवलेलं कालचं पाणी थोडं थोडं घातलं. जाताना पेपरही घेऊन गेले.

पाच मासोळ्या खाली गेल्या. एक आडवी तरंगत राहिली. तिच्या काळजीने मी तिथे बसले असं काही नाही. मेथी निवडायची होती, ती तिथे बसून निवडली. दोन जुड्या झाल्या तेव्हा ती सरळ झाली आणि शेपूट हलवून गेली. गाळणी मी फेकून दिली.

चौथ्या दिवशी मंडळी आली. नातीने आधी पेटी गाठली. "सहा!" ती ओरडली. मी म्हटलं, "मग? किती पाहिजे होत्या?"

दुसऱ्या दिवशी मी गाईच्या पोळीवर तूप घातलं आणि सहाही मासोळ्या माझ्या बाजूच्या काचेला येऊन चिकटल्या.

"आजी, ह्या तुह्याकडेच काहून पाहून राहिल्या?"

"माह्यावर जीव आहे त्यांचा."

सून कपाटात काहीतरी शोधत होती. "आई, कागदाची गुंडाळी दिसत नाही?"

"संपली."

"आख्खी? चार दिवसांत?"

"भजी केली मी."

"अन् कागदावर काढली? तुम्ही?"

"हो."

मुलाचा घास हातातच राहिला. सुनेने कपाट लावलं आणि सामानाच्या यादीत दोन गुंडाळ्या लिहिल्या.

रविवारी तिने कांद्याची भजी केली. दुहेरी कागदावर काढली, वरून आणखी एक कागद दाबला, आणि पहिली बशी माझ्यापुढे सरकवली. "घ्या आई. तुमच्याच पद्धतीनं केली." कोरडी ठणठणीत भजी. मी सहा खाल्ली. काय करणार?

भाऊजी पेपरला आले होते. त्यांनाही बशी मिळाली. त्यांनी एक भजं तोंडात टाकलं, पेटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वहिनी, गाय बरी आहे ना?"

"बरी आहे," मी म्हटलं. "तुम्ही खा चुपचाप."