उकडलेल्या अबईचं पीठ

कॉलेजात माझ्या जिभेला सगळे टरकून असत आणि मला ते आवडायचं.

वेरूळजवळच्या एका धनगर घरातली मुलगी त्या वर्षी माझ्या हाताखाली प्रबंधाचं काम करत होती. घरी बोली ठरलेली होती: माझी शिफारस मिळाली तर पुढचं शिक्षण, नाहीतर उन्हाळ्यात लग्न.

अबई या घेवड्यासारख्या मोठ्या शेंगेच्या दाण्यात लेक्टिन नावाचं प्रथिन असतं. ते जिवाणूंच्या अंगावरची साखर धरून ठेवतं, म्हणून काचपट्टीवरच्या थेंबात त्यांच्या गुठळ्या होतात. काही जिवाणू मात्र वरून कॅप्सूलचं जाड आवरण पांघरतात आणि साखर झाकली जाते. कुणाच्या गुठळ्या होतात, कुणाच्या नाही, एवढंच तिला दाखवायचं होतं. अबईचं पीठ तिनं घरूनच आणलं.

महिनाभर एकही गुठळी झाली नाही. आवरण असलेल्यांची नाही, नसलेल्यांचीही नाही. "मॅडम, पिठातच काही असंल का?" तिनं भीत भीत विचारलं. पीठ तपासणं माझं काम होतं. त्याऐवजी मी भर वर्गात म्हणाले, "मेंढरं वळायच्या हातांना पिपेट झेपत नाही, एवढंच." पोरं खो खो हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याच दुपारी मी शिफारस नाकारली.

चार दिवसांनी तिची आई वसतिगृहातलं सामान न्यायला आली. मुलगी ट्रंक घेऊन फाटकाशी उभी होती. आई एकटीच माझ्या खोलीत शिरली.

"पिठात खोट व्हती का बाई? पोरीला ठावं नाय, पण म्या दाणं दोनदा उकडून, पाणी फेकून, वाळवून मंग दळलं. कच्ची अबई आमी कुणाच्या घरी देत नाय. चुकून तुमच्या पोटात गेली आन् उलट्या झाल्या तर?"

उकळलं की लेक्टिन निकामी होतं. मी हे दरवर्षी शिकवायचे. म्हणजे पोरीचा हात चोख होता, तिनं जे पाहिलं तेच लिहिलं होतं. शिफारशीचा अर्ज अजून माझ्याच टेबलावर होता. शेरा बदलायला दोन मिनिटं लागली असती. पण मग भर वर्गात बोललेलं गिळावं लागलं असतं.

"पीठ चांगलं होतं," मी म्हणाले. "तुमच्या मुलीचंच लक्ष नव्हतं."

बाईचा चेहरा उतरला. "लेकरू हाय, चुकलं असंल. तुमाला लई तरास झाला," असं म्हणत ती वाकली आणि माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.